ओळ संपली की चापट

मित्रांनो, मी जुना वगैरे नाही हं! मी नवा कोरा आहे. दुकानात मला नेटबुक म्हणत, म्हणजे सगळ्यांत छोटा आणि सगळ्यांत स्वस्त लॅपटॉप. कारखान्यात माझ्या पोटात बेताचीच मेमरी बसवली आणि मला खोक्यात घातलं. दुकानात शेजारी मोठे चकचकीत लॅपटॉप असायचे. गिऱ्हाईक त्यांना कौतुकाने हात लावायचं आणि मला पाहून विचारायचं, "हे खेळणं आहे का?" वाईट वाटायचं हो!

शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मला आपल्या आत्यासाठी घेतलं. आत्याने सारा जन्म एका वकीलबाईंच्या कचेरीत टाइपरायटर बडवला होता. आता गुडघे कुरकुरू लागले, तिथले जिने चढवेनात. वकीलबाई म्हणाल्या होत्या, "घरून कॉम्प्युटरवर करून पाठवलंत तर काम तुमचंच. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." नमुन्याची पानं त्यांना त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हवी होती. ते काम म्हणजे आत्याचा जीव की प्राण. हे ऐकून मला धडकीच भरली.

मी सुरू व्हायला इतका वेळ लावला, की आत्या चहा करून आली. भाची वैतागली. आत्या मात्र म्हणाली, "असू दे गं. सकाळी उठायला मलाही वेळ लागतो." तिथेच ती मला आवडली.

भाचीने माझ्या कळांवरची अक्षरं टाइपरायटरवरच्याच जागी बसवून दिली. आत्याची बोटं धडाधड पळू लागली. ओळ संपली आणि फाट्! तिच्या डाव्या हाताची सणसणीत चापट माझ्या पडद्यावर! माझ्या बिजागऱ्या करकरल्या. दुसरी ओळ, दुसरी चापट.

"अगं आत्या, मारतेस काय त्याला?"

"मारत नाही गं, ओळ बदलतेय! टाइपरायटरचा दांडा असाच ढकलायचा असतो. हात ऐकतच नाही माझा."

"इथे ओळ आपोआप खाली जाते."

"न विचारता? भलताच आगाऊ आहे!"

घ्या! मदत करायला गेलो आणि वर बोलणी खाल्ली. मग आत्याने हात आवरून पाहिला, तर बोटांची लय बिघडली आणि चुकाच चुका. दुपार टळली तरी पहिलं पान पुरं होईना.

"मला नाही जमायचं," आत्या म्हणाली. "परत करून टाक याला."

माझं खोकं कोपऱ्यात उघडंच होतं. मला रडू आलं, पण रडायची सोय माझ्यात बसवलेली नाही.

भाची उठली. तिने खुर्चीवरची छोटी उशी आणून माझ्या पडद्याच्या डाव्या कडेला उभी केली. "हाण आता हिला!"

आत्याला हसू फुटलं. ओळ संपली, धप्प! पुढची ओळ, धप्प! लय सापडली, पानं भराभर झाली आणि अंधार पडायच्या आत रवाना झाली.

थोड्या वेळाने वकीलबाईंचा फोन आला. "चुका शोधायला बसले होते, एकही सापडली नाही. उद्याची पानं पाठवते."

आत्याने डोळे पुसले. भाचीने माझं खोकं उचललं. "हे माळ्यावर टाकू?"

"थांब, इकडे दे." आत्याने ते टेबलाखाली सरकवलं आणि वर पाय ठेवले. "सकाळपासून पाय लोंबकळत होते माझे." मग त्याच डाव्या हाताने तिने माझ्या झाकणावर हळूच थोपटलं.

मित्रांनो, मला या घरात येऊन अवघा एकच दिवस झालाय, त्यामुळे सांगण्यासारखं एवढंच आहे. नव्या वस्तूला पहिल्याच दिवशी नावं ठेवू नका, तिला थोडं सांभाळून घ्या. नवं शिकणाऱ्या माणसालाही घ्या. आणि हो, ती उशी कुणी उचलून ठेवू नका, आम्हाला उद्या लागणार आहे.