सतरा नंबरची पेटी

ओल्या फडक्याने दगड पुसता पुसता पेटीवाल्याचा हात थांबला.

पेटीवर बावीस वर्षांपूर्वीची त्याचीच अक्षरं होती: बोअर सतरा, छप्पर, वाळूचा घट्ट दगड. म्हणजे कोळशाच्या थरावरचा दगड. आणि या दगडात काळ्या दोऱ्यांसारख्या मुळांच्या खुणा होत्या. पाच-सहा, फाटे फुटलेल्या. त्याने पेटीच्या दुसऱ्या टोकाचा, 'तळ' लिहिलेला दगड उचलला. तो पापुद्र्यांचा, नखाने सुटणारा. पापुद्रा सुटला तसं आत एक पान दिसलं, शिरांसकट.

यात मोठी विद्या नाही. झाडं उभी राहतात, कुजतात, त्यांचा कोळसा होतो. मुळं कोळशाच्या खाली असतात, पानं वर पडतात. इथे मुळं वर होती आणि पानं खाली.

दगड उलटे लावले गेले होते. लावले गेले कसले, त्यानेच लावले होते.

ड्रिलमधून दगडाच्या कांड्या बाहेर यायच्या, त्या वरून खाली अशा क्रमाने पेटीत लावायच्या, एवढंच त्याचं काम. पेट्या पाहून साहेब लिहिणार, खाली कोळसा किती, त्यातला काढता येईल किती आणि छप्पर धरायला सोडायचा किती. तेव्हाचे साहेब शेडमध्ये आलेच नाहीत. पंख्याखाली बसून त्यांनी पेटीवरची अक्षरं वहीत उतरवली आणि सही ठोकली. त्या भागात दुसरं बोअर घेतलं नाही, कारण साठ्याचा आकडा वरच्यांच्या मनासारखा आला होता.

त्या दिवशी आपल्याला काय झालं होतं, ते त्याने आठवून पाहिलं. ताप नव्हता, भांडण नव्हतं. साधा दिवस होता.

दुपारी तो जेवायला घरी गेला. समोर मेहुणा बसला होता, बायकोचा धाकटा भाऊ. खाणीत टेकू लावायचा. नऊ वर्षांपूर्वी सतरा नंबरच्या भागात छप्पर खाली बसलं, दोन माणसं आत राहिली. कंपनीने ती वाट विटांनी बुजवून टाकली, माणसांसकट. चौकशीत मेहुणा म्हणाला होता, आदल्या दिवशी मी काठीने छप्पर ठोकून पाहिलं, ते पोकळ वाजलं, मी वर सांगितलं. छपराला वीतभर कोळसा सोडलेला, वरचा दगड कुणालाच दिसत नव्हता. साहेबांनी त्याच वहीवरून काढलेला नकाशा त्याच्यापुढे टाकला. वाळूचा घट्ट दगड पोकळ वाजतो का रे? म्हणजे तुझे टेकूच ढिले. त्याला काढून टाकलं. तेव्हापासून तो बहिणीच्या घरी मागच्या खोलीत होता. टेबल, दार, भिंत, जे हाताशी येईल ते बोटाने वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचा. गल्लीतली माणसं हसायची.

"भाऊजी, जेवत का नाही?" मेहुण्याने विचारलं.

"भूक नाही."

"दगड खाऊन आले असतील," बायको म्हणाली.

मेहुणा हसला. पेटीवाला ताटावरून उठला. हात धुतले, पुन्हा धुतले. चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. दोन वाजता नवीन मॅडम येणार होत्या. सतराच्या शेजारचा भाग उघडायचा होता, त्याचा साठा पक्का करायला. तिथेही हेच घट्ट छप्पर धरून चालणार, तसेच लांब लांब टेकू लावणार. गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. नोकरीचे चारच महिने उरले होते. मॅडम खुणा पाहतील न पाहतील. पण 'न पाहतील' या शब्दांवर त्याचं पाऊल अडखळलं. एकदा कुणीतरी न पाहिल्यामुळेच हे झालं होतं.

मॅडम शेडमध्ये आल्या. वहीत पाहून पुढच्या पेटीकडे वळल्या. तो मध्ये उभा राहिला.

"ही उलटी आहे, मॅडम. मी लावलेली."

त्यांनी खिशातून भिंग काढलं. मुळं पाहिली, पान पाहिलं. मग त्या स्टुलावर बसल्या. छप्पर कच्चं निघालं तर वर मीटरभर कोळसा सोडावा लागणार, साठा चौथाईने खाली येणार, वरचे साहेब फाडून खाणार, असं त्या स्वतःशीच बोलावं तसं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "मी 'फेरतपासणीत दुरुस्ती' एवढंच लिहिते. तुमचं नाव कशाला? पेन्शन अडकेल."

"नाव लिहा."

"कशासाठी?"

"नाव नसलं तर जुनी चौकशी तशीच राहील. तिच्यात दुसऱ्याचं नाव आहे."

त्याने स्वतःच कागद ओढला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: पेटी मी उलटी लावली, ती कुणी तपासली नाही. दुसरं वाक्य गाळा, असं मॅडमनी सुचवून पाहिलं. त्याने गाळलं नाही. मग त्यांना विचारून पापुद्र्याच्या दगडाचा एक तुकडा फडक्यात बांधला.

संध्याकाळी मेहुणा पायरीवर बसला होता. पेटीवाल्याने फडकं सोडून तुकडा त्याच्या हातात दिला.

"सतराचं खरं छप्पर. पेटी मी उलटी लावली होती. आज लिहून दिलं."

आणखी काय बोलायचं, ते त्याने वाटेत ठरवलं होतं. त्याऐवजी तो फडक्याची घडी घालत राहिला. आत भांडं घासायचा आवाज बंद झाला.

मेहुण्याने दगड कानाजवळ नेला. बोटाच्या पेराने एकदा वाजवला, मग पुन्हा.

"म्हणजे मला बरोबर ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

पेटीवाल्याने मान हलवली. मेहुणा त्याच्याकडे न बघताच उठला, दगड घेऊन मागच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

बायकोने तीन ताटं वाढली. तिसऱ्या ताटावर कुणी आलं नाही. भिंतीपलीकडून टक् टक् आवाज येत होता, मध्ये थोडा थांबायचा, ऐकल्यासारखा. पेटीवाला पुढ्यातलं ताट तसंच ठेवून ऐकत बसला.