बाईंच्या वर्गाचा मुकुट

मित्रांनो, मी मुकुट असलो तरी सोन्याचा नाही. मी गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याचा आहे. अणदूरजवळच्या एका गावात चन्नबसप्पा पत्र्याच्या कोठ्या आणि चाळण्या करतात. त्यांनी मला आपल्या बायकोसाठी केलं. सत्यभामाबाई गावच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. पोरांच्या कपाळाला लागू नये म्हणून चन्नबसप्पांनी माझी कड आत दुमडून ठोकून घेतली. ती अजून तशीच गुळगुळीत आहे.

बाई दरवर्षी चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडची गोष्ट सांगायच्या. तिथला राजा चार्ल्स म्हणायचा, मला देवानं गादीवर बसवलं, मी लोकांना जाब देणार नाही. नवा कर घ्यायचा तर पार्लमेंटला विचारावं लागे. त्यानं अकरा वर्षं पार्लमेंटच बोलावलं नाही. पैसा तर हवाच होता. मग जहाजांच्या नावाखाली त्यानं समुद्रापासून लांबच्या गावांवरही कर बसवला.

"बाई, म्हंजे आपल्या गावाला जहाजाचा कर?" मागच्या वर्षी वैष्णवी नावाच्या मुलीनं विचारलं. "आपल्या तळ्यात तर नुसत्या म्हशी पोहतेत."

बाई हसल्या. "मग विचार की राजाला, कशासाठी म्हणून."

वर्गात तशी रीतच होती. ज्याच्या डोक्यावर मी, तो राजा. राजानं बाईंच्या खुर्चीत बसून कर मागायचा. कुणी शेंगा मागायचं, कुणी पेन. वर्गानं एका आवाजात विचारायचं, "कशासाठी?" उत्तर पटलं नाही तर राजानं आपल्या हातानं मला काढून टेबलावर ठेवायचं. खऱ्या राजावर शेवटी खटला चालला आणि त्याचं डोकं उडवलं. "आपण डोकं राहू द्यायचं," बाई म्हणायच्या, "मुकुट उतरला की झालं."

ती माझी चांगली वर्षं होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. बाई माहेरी गेल्या होत्या. तेव्हा तालुक्याचे पुढारी दिग्विजयराव यांचा वाढदिवस आला. आमच्याकडं अशा वेळी फेटा, तलवार आणि मुकुट देऊन सत्कार करतात. सोलापूरहून यायचा मुकुट आला नव्हता. कार्यकर्ते दारात आले.

"आप्पा, तुमच्या हातचा मुकुट साहेबांच्या डोक्यावर दिसंल. चौकात फोटो लागंल."

चन्नबसप्पांना मोह पडला. त्यांनी मला सोनेरी रंग दिला, काचेचे खडे चिकटवले आणि देऊन टाकलं.

सत्काराला सगळा गाव होता. दिग्विजयराव मला घालून म्हणाले, "वेशीत माझ्या नावाची कमान होणार. घरटी वर्गणी द्यावी लागंल."

"कशासाठी?" पुढं बसलेली वैष्णवी सवयीनं म्हणाली. बाकीची पोरंही म्हणाली. मांडवात थोडा हशा झाला आणि लगेच थांबला. वैष्णवीच्या वडिलांनी तिला दंडाला धरून मागं नेलं. दिग्विजयराव पुढं बोलत राहिले. त्या प्रश्नाला उत्तर न देताही मी डोक्यावरच राहिलो, असं पहिल्यांदा झालं.

मग मला त्यांच्या कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवलं. घरी काय झालं ते चन्नबसप्पांनी मला नंतर, रंग खरवडताना सांगितलं.

बाई म्हणाल्या होत्या, "तो पोरांचा हाय. तेवढा आणून द्या."

"अगं, साहेबाला दिलेलं परत कसं मागावं? लोक हसतील. नवा करून देतो की."

"नवा नको. पोरं त्यालाच ओळखतेत."

आणतो, आणतो म्हणत हिवाळा गेला. उन्हाळ्यात बाईंना कावीळ झाली. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "आणला का हो?" चन्नबसप्पा म्हणाले, "आणला." त्यानंतर बाई घरी आल्या नाहीत.

बाईंचे दिवस झाल्यावर चन्नबसप्पा कार्यालयात आले. बराच वेळ दारात उभे राहिले. शेवटी माझ्याकडं बोट दाखवलं.

"एवढंच व्हय?" दिग्विजयराव म्हणाले. "अहो आप्पा, तवाच मागायचा की. मला पत्र्याचं काय करायचंय?"

त्यांनी स्वतः कपाट उघडून दिलं. चन्नबसप्पा मला पोटाशी धरून तिथंच बाकावर बसले.

शाळा उघडली तशी ते मला घेऊन वर्गात गेले. वैष्णवी वरच्या वर्गात गेली होती, तरी येऊन बसली. पोरांनी चन्नबसप्पांना बाईंच्या खुर्चीत बसवलं आणि मला त्यांच्या डोक्यावर ठेवलं. ते काय कर मागतात याची सगळे वाट बघत होते.

"आप्पा," वैष्णवी हळू म्हणाली, "बाई रोज वाट बघायच्या. एवढे दिवस तिकडं ठेवला. कशासाठी?"

चन्नबसप्पांनी आपल्या हातानं मला काढलं आणि टेबलावर ठेवलं.

मित्रांनो, मी अजून त्याच टेबलावर आहे. रंग निघाला, खड्यांच्या डिंकाचे डाग मात्र राहिले. मला खुशाल डोक्यावर घ्या, पण विचारणाऱ्याला गप्प बसवू नका. आणि तुमच्या घरातल्या माणसानं काही आणायला सांगितलं, तर ते मागायला जायची लाज धरू नका. मी वर्गात परत आलो, तेव्हा बाई नव्हत्या.