मंजुळेचा दोरा

“आबा, तोंडातला दोरा काढा. निरंजन साहेबानं बघितलं तर म्हनल, म्हातारा दावं चघळतोय,” माझा कामगार जयसिंग म्हणाला.

दोरा दातांत असल्यामुळे मला बोलता येईना. हाताने त्याला थांबवलं आणि दोऱ्याला टांगलेल्या पिनेवर पान्याने टिचकी मारली. चांगली पिन दातांत घुमते, काडेपेटीत भुंगा कोंडल्यासारखी. तडा गेलेली लगेच गप्प होते. हे मला त्याच दिवशी सकाळी सापडलं होतं आणि पंचाहत्तराव्या वर्षी मी शेडमध्ये पोरासारखा फिरत होतो.

कुरुळीत आमचं लहान शेड आहे. ट्रकच्या पिना भट्टीत तापवून त्यांना पाणी द्यायचं, म्हणजे त्या कडक होतात. एखादीला तडा जातो, तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पिन टांगून वाजवायची आणि ऐकायची. मी अठरा वर्षं तोफखान्यात होतो, कान तिथेच ठेवून आलो. मोठ्यानं बोललेलं ओठ बघून कळतं, पिनेचा बारीक आवाज नाही. पेन्शन घेऊन आधी कासारवाडीत भाड्याच्या गाळ्यात धंदा सुरू केला, तेव्हापासून पिना माझी बायको मंजुळा तपासायची. शेजारी पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा दणदणाट चालू असला तरी तिची एकही पिन कधी परत आली नाही.

चैत्रात ती गेली. पुढची लॉट जयसिंगने ऐकली आणि तीन पिना परत आल्या. आता एक जरी आली तरी काम बंद, असं पिना घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस निरंजन सांगून गेला होता. आमच्याकडे दुसरं काम नाही.

त्या सकाळी पिन टांगताना चष्मा पुसायला दोन्ही हात हवे होते, म्हणून दोरा दातांत धरला. खालची पिन टेबलाला आपटली आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. किती वर्षांनी.

अकराला निरंजन आला.

“काका, मशीन घ्या आता. कानावर कोण धंदा चालवतं?”

“कानावर न्हाई साहेब, दातावर,” जयसिंग म्हणाला.

निरंजन हसला. मला पाठ करून उभं राहायला लावलं आणि परत आलेल्या तीन पिना सतरा चांगल्या पिनांत मिसळल्या. त्या तिन्हींच्या बुडाला लाल ठिपका होता, तो खाली दडवला. जयसिंग एकेक पिन बांधत गेला, मी टिचकी मारत गेलो. पहिली तोफ उडायच्या आधी छातीत व्हायचं तसं होत होतं. तीन बाजूला काढल्या. निरंजनने उलट्या करून पाहिल्या. तिन्हींना लाल ठिपका.

“दात तुमचेच ना, काका?”

“सगळे. फौजेनं फक्त कान घेतले.”

“मग दुपारच्या गाडीत लॉट भरा. पुढचीही तुमचीच.”

तो गेला तसा जयसिंगने भजी सांगितली. अजून दोनशे पिना तपासायच्या राहिल्या होत्या. भरभर करायला गेलो आणि पिनेच्या कडेवर दोरा तुटला.

दुसऱ्या दोऱ्यासाठी मंजुळेचा डबा काढला, चैत्रापासून तो उघडला नव्हता. आत रीळ, कात्री आणि तिचा नेहमीचा दोरा. एका टोकाला पिनेचा फास. दुसरं टोक चपटं झालेलं, काळं.

“ऑइल लागलं असंल,” जयसिंग म्हणाला.

मी वास घेतला. मिश्री. मंजुळा रोज सकाळी दातांना लावायची.

पिना तपासताना ती आमच्याकडे पाठ करून बसायची. “तुमी बघत बसला की माजं चुकतं,” म्हणायची. घरी टीव्ही एवढा मोठा लावायची की शेजारची वर्षाली दार वाजवायची. मला वाटायचं, माझ्यासाठी लावते. इतकी वर्षं प्रेसच्या शेजारी काढली, तिचेही कान कधीचेच गेले असणार. मला कळू दिलं नाही.

“आबा, नवा दोरा कापू का?”

“नको.”

मी फासात पिन अडकवली आणि काळं टोक दातांत धरलं. ते अजून तिखट लागत होतं.