उजेड्या, काटेफूल, लांबोडी

१ जानेवारी, मंगळवार

मित्रांनो, मी एक जुनी डायरी आहे. इतकी जुनी, की माझ्यावर छापलेला एकही वार आता खरा नाही.

माझा जन्म छापखान्यातला. पण मला घर मिळाले ते नरखेडच्या बाजारातल्या एका कृषी केंद्रामुळे. निळे रेक्झिन, सोनेरी अक्षरे, मध्ये एक लाल फीत. दुकानदाराने नव्या वर्षाची भेट म्हणून मला चंद्रभान यांच्या हातात ठेवले. चंद्रभान म्हणजे जवळच्या गावातले संत्रा बागायतदार. घरी आल्या आल्या त्यांनी 'नाव' या छापील शब्दापुढे स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले. मला फार बरे वाटले. आपण कुणाचे तरी आहोत हे पहिल्याच दिवशी कळणे चांगले.

९ फेब्रुवारी, शनिवार

फवारणी. ओलिताची पाळी. मोटर जळाली.

इथे त्यांचे लिहिणे संपते. माणसे डायरीवर फेब्रुवारीपर्यंतच प्रेम करतात, हे मी पुढे इतर डायऱ्यांकडूनही ऐकले.

१२ मार्च ते १९ मार्च

ही पाने नाहीत. काहींवर चिवडा खाल्ला गेला, उरलेल्यांची विमाने झाली. मला राग नाही. उडायला मिळालेली पाने माझ्या ओळखीत तेवढीच.

३ एप्रिल, बुधवार

छापलेली तारीख सोडा. खरे वर्ष पुढचे होते. टाळेबंदी लागली होती, शाळा बंद होत्या, आणि चंद्रभान यांची मुलगी श्वेता नववीतून दहावीत जाऊन घरात बसली होती. तिने मला कपाटावरून काढले, फुंकर मारली आणि या पानावर एकच शब्द लिहिला.

उजेड्या.

हा तिच्या आईचा, सुभद्राबाईंचा शब्द. चतुर्थीच्या उपासाला त्या चूल आवरून अंगणाकडे तोंड करून बघायला सांगत, "श्वेते, उजेड्या निघाला का पाय वं."

"निघाला," श्वेता सांगे. मग त्या जेवत.

चंद्रभान बाजेवरून हसत. "तुह्या माहेरी चंद्र नाही का वं? गावच तसं. लाइट बी नाही, चंद्र बी नाही."

सुभद्राबाई भाकरी मोडत.

श्वेताला मात्र कुतूहल वाटले. तिने कान उघडे ठेवले, आधी ऐकलेलेही आठवून पाहिले. शेजारच्या सुमतीकाकू गुलाबाला काटेफूल म्हणत. लग्नाच्या पंगतीत त्या वाढणाऱ्याला हाक मारत, "अरे, ते पाकातलं वाढ गा!" गुलाबजाम हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. वरच्या गल्लीतल्या पंचफुलाबाई डोळ्यांच्या शिबिरात गेल्या, तेव्हा नर्सने विचारले, काय होते आहे? त्या म्हणाल्या, "डोळ्यात आमच्या घरच्याईचा बिंदू झाला." नर्सने तीनदा विचारले. तीनदा तेच उत्तर मिळाले. मोती म्हणायला त्या तयार होईनात, कारण घरचे मोतीराम होते.

तुम्हाला आता कळले असेल. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, सासऱ्याचे नाही, मोठ्या दिराचे नाही. आणि त्या नावासारखा ऐकू येणारा शब्दही उच्चारायचा नाही. मग त्या शब्दाच्या जागी दुसरा घडवायचा. कुणी शिकवत नसे. जिने तिने आपापला घडवला.

टाळेबंदी थोडी सैल झाल्यावर श्वेता घरोघर जाऊन शब्द विचारू लागली. बायका हसायच्या, पदर तोंडाला लावायच्या, आणि सांगायच्या. पण एक अट घालायच्या.

"शब्द लिही. पण नाव नको लिहू वं. लिहिलं तं मी घेतल्यासारखंच होते."

श्वेताने कबूल केले. म्हणून माझ्या एप्रिलपासून जुलैपर्यंतच्या पानांवर छत्तीस शब्द आहेत, आणि समोर काहीही नाही.

१८ मे, शनिवार

(या पानावर कूलरच्या पायाचा गोल डाग आहे. शब्द त्याच्या कडेकडेने वाचावा लागतो.)

श्वेता पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला गेली. तिथे नंदनवन भागात तिची देवकीमावशी राहते, तिच्याकडे. मी गावातच राहिले. कूलरचा चौथा पाय अधांतरी होता, त्याच्याखाली मला सरकवले. मित्रांनो, तक्रार करत नाही. पाच उन्हाळे घर थंड ठेवण्यात माझाही वाटा आहे. पण पाणी झिरपायचे. माझी निळी शाई पसरत गेली, आणि मी दर दुपारी मनातल्या मनात शब्द मोजून पाहायची, छत्तीस आहेत ना.

२ जून, रविवार

इथून पुढचे मी ऐकीव सांगते, कारण नंदनवनातल्या खोलीत मी नव्हते.

श्वेता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आली आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. भाषाशास्त्र शिकायचे. त्यासाठी दूरच्या एका विद्यापीठात अर्ज करायचा. अर्जाबरोबर दोन पाने लिहून द्यायची होती: तुमच्या कानावर पडणाऱ्या भाषेबद्दल तुमचे स्वतःचे निरीक्षण. कोण बोलते, कुठे बोलते, का बोलते, हे स्पष्ट हवे. मुदत तीस एप्रिल.

श्वेताने मोबाइलवर इकडून तिकडून वाचून 'भाषेचे महत्त्व' नावाची दोन पाने लिहिली. देवकीमावशीने भाजी निवडता निवडता ती ऐकली.

"चांगलं हाये."

"खरंच?"

"हो. पण हे तं कोणी बी लिहीन. हे तू काहून लिहून राहिली?"

श्वेताने दोन्ही पाने फाडली. (फाडलेल्या पानांबद्दल मला नेहमीच वाईट वाटते. या वेळी वाटले नाही.)

दुसरी अडचण मोठी होती. वडिलांचा होकार. अर्जावर त्यांची सही लागत नव्हती, पण त्यांनी हो म्हटल्याशिवाय ती जाणार नव्हती. फोनवर चंद्रभान म्हणाले, "भाषा शिकाले एवढ्या लांब कायले जाचं? बोलता तं येतेच तुले. जास्तच येते. मिहानमधल्या कंपनीत अर्ज टाक. सरपंचाच्या पुतणीले लागली तिथं. एसीत बसून राहते दिवसभर."

मुदतीला नऊ दिवस राहिले असताना श्वेता एसटीने गावी आली, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने कूलर उचलला.

११ जून, मंगळवार

मला ओसरीत उन्हात ठेवले. पाने एकमेकांना चिकटली होती, ती तिने ओल्या भाकरीसारखी हलक्या हाताने सोडवली. छत्तीसच्या छत्तीस. तिचे डोळे भरून आले. मग तिने वाचायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा उतरला.

काटेफूल. पाकातलं. उजेड्या. कोण? का? समोर कोरे. अर्ज वाचणाऱ्या अनोळखी माणसाला यातून काय कळणार?

"माय, मी नावं लिहू का आता?"

"नाही." सुभद्राबाई तूर निवडत होत्या.

"मले पाठ हायेत बहुतेक सगळी. तुमी नका सांगू. मीच लिहितो."

"तू शब्द देल्ला होता बायांना. लहान होती, पण देल्ला होता."

"मग माहा अर्ज जाणार नाही, माय."

सुभद्राबाईंचे हात थांबले. पण त्या नाहीच म्हणाल्या.

इतक्यात चंद्रभान बागेतून आले. ओसरीत निळी डायरी दिसली. "अरे, हे तं माहीच हाये!" त्यांनी मला उचलले. पहिले पान उघडले, स्वतःचे नाव पाहून खूश झाले. पुढे मोटर जळाल्याचे वाचून नाराज झाले. मग एप्रिलचे पान आले.

"उजेड्या! हे बी लिहिलं का? हे तुह्या मायच्या माहेरचं. तिकडे असंच बोलतात."

"नाही बाबा," श्वेता म्हणाली. "मामा तं चंद्रच म्हणते. आजी बी चंद्रच म्हणे."

"मग हे काहून?"

 तुरीचे दाणे सुपात पडत राहिले. चंद्रभान यांनी सुभद्राबाईंकडे पाहिले. त्या सुपाकडे पाहत होत्या. चंद्रभान यांनी मान खाली घातली आणि नकळत पान मागे उलटले. तिथे मोठ्या अक्षरांत त्यांचेच नाव होते. पुन्हा एप्रिल. पुन्हा पहिले पान. माझा कणा दोनदा करकरला. तेवढ्या वेळात त्या माणसाला चोवीस वर्षे उमगली.

"सुशीलच्या माय," ते हळूच म्हणाले. (सुशील हा त्यांचा मोठा मुलगा. चंद्रभानही बायकोचे नाव घेत नाहीत, हे मला त्याच दिवशी लक्षात आले.) "लग्न झाल्यापासून?"

"मंग का."

"एकदा बी नाही?"

"एकदा ताप होता, तवा निघालं असंन तं माहीत नाही."

"अन् मी हासत होतो तुले."

"हासा ना. हासल्यानं का माहा उजेड्या बुडून राहिला?"

मित्रांनो, मी कागदाची आहे; मला पाण्याची भीती वाटते. पण चंद्रभान यांच्या हनुवटीवरून जो थेंब माझ्या पानावर पडला, त्याची वाटली नाही.

त्यांनी खिशातला पेन काढला. "माहं नाव मी तं लिहू शकतो ना? तुमी कोणी घेतलं नाही. मीच लिहिलं." आणि 'उजेड्या'च्या समोर त्यांनी लिहिले, चंद्रभान.

श्वेता बघतच राहिली. सुभद्राबाई सूप बाजूला ठेवून उठल्या.

"गाडी काढा," त्या म्हणाल्या.

१२ जून ते १५ जून

चार दिवस मी मोटरसायकलवर होते. पुढे चंद्रभान, मागे सुभद्राबाई, त्यांच्या मांडीवर मी. दारात गेले की सुभद्राबाई आत जाऊन बाईला विचारत: तुझा शब्द आहे, तू घेऊ नको, घरचेच त्यांचे नाव लिहितील, चालेल का? चालेल म्हटले, की चंद्रभान बाहेर बाजेवर बसलेल्या माणसापुढे मला उघडत.

गुलाबराव आधी रागावले. "पाकातलं म्हंजे मी?"

"तूच."

"मले वाटे हिले नाव याद राहत नाही. मी डॉक्टरले विचारलं होतं बावा! त्यानं गोळ्या देल्या. सहा महिने खाल्ल्या तिनं!"

आतून सुमतीकाकूंचा आवाज आला. "गोड होत्या. म्हणून खाल्ल्या."

मोतीराम एकेक अक्षर जुळवत लिहीत होते. त्यांनी नाव लिहायला पाच मिनिटे घेतली आणि शेवटी विचारले, "अजून म्हणते का ते, बिंदूचं?" म्हणते, असे कळल्यावर ते कितीतरी वेळ मला हातात धरून बसले.

दोन बायकांनी नको म्हटले. त्यांच्या समोरची जागा कोरी राहिली, आणि ते बरोबरच आहे.

१७ जुलै, बुधवार

या पानावर गावातल्याच भागरथा आजीचा शब्द आहे. विहिरीच्या दोराला ती लांबोडी म्हणायची. "लांबोडी सोड गा विहिरीत." तिच्या आवाजासकट श्वेताला आठवत होते.

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. नवरा तर तिच्या तरुणपणीच गेला होता. मुलगा परगावी असतो. चंद्रभान यांनी त्याला फोन लावला.

"दोर? नाही गा काका. बाबाचं नाव तं किसन होतं. आजोबाले सगळे बुढाच म्हणत. कोणाचं असंन, मले काही माहीत नाही. ते मायच जाणे."

गावात आणखी तिघांना विचारले. कुणी म्हणाले मोठा दीर असेल. कुणी म्हणाले, तिला दीरच नव्हता. सुभद्राबाईंनी माझ्यावरून हात फिरवला आणि पान मिटले.

३० एप्रिल

(हे पान मागे आहे, पण खरी तारीख हीच होती. आयुष्यात एकदाच माझी आणि जगाची तारीख जुळली.)

अर्ज गेला. माझ्या पानांचे फोटो आणि श्वेताने लिहिलेली दोन पाने. चंद्रभान यांनी अजून तोंडाने हो म्हटले नव्हते. पण नागपूरला परत जाताना श्वेताने मला पिशवीत भरले, तेव्हा ते म्हणाले, "पिशवीत नको घालू. चुरगळते. हातात घे." श्वेताला जे ऐकायचे होते ते तिने ऐकले.

सप्टेंबर (पाने सुटलेली, क्रम लागत नाही)

मुलाखत मोबाइलवर झाली, मावशीच्या पुढच्या खोलीत. मी श्वेतापुढे उघडी होते. पडद्यावर तिघे प्राध्यापक होते. त्यांतल्या एका बाईंना मराठी येत होती.

"लांबोडीच्या समोर काही लिहिलेले नाही. का?"

श्वेताच्या बोटांचा घाम मला लागला. "मॅडम, ते आता कुणालाच माहीत नाही. मला शब्द मिळाला आणि मी पुढच्या घरी गेले. नाव लिहायचे नव्हते, तरी कोणाचे ते ऐकून ठेवायला हवे होते. मला वाटले, हिला काय, कधीही विचारता येईल."

"अंदाज तरी लिहायचा. नको म्हणालेल्या दोघी सोडल्या तर इतर पाने पूर्ण आहेत."

"अंदाज माझा झाला असता, मॅडम. हे पान आजीचे आहे."

 बाईंनी स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिले. काय, ते मला दिसले नाही. वह्या एकमेकींचे वाचत नाहीत.

खऱ्या जूनमध्ये यादी लागली. श्वेताचे नाव नववे होते. चंद्रभान आता चहाच्या टपरीवर सांगतात, "पोट्टी भाषेची डॉक्टर होऊन राहिली." कुणी विचारले की भाषेला काय झाले, तर म्हणतात, "ते तिले विचारा. मले अर्धंच समजलं."

३१ डिसेंबर, मंगळवार

मित्रांनो, माझे शेवटचे पान आले. उद्या श्वेता मला घेऊन गाडीत बसेल.

तुमच्याही घरात कुणीतरी एखादा शब्द वळसा घालून बोलत असेल. हसू नका. जवळ बसा, विचारा. सांगितले तर जपा. सांगितले नाही तर हट्ट करू नका, पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. पण पुढच्या वर्षावर फार विसंबू नका.

आणि मी कधी तुमच्या हाती आले, तर सतरा जुलैचे पान उघडून पाहा. तिथे एक ओळ कोरी आहे. ती भरायची नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तिच्यावर कुणी फोन नंबर लिहू नका.