दोरेवालीला आत कोण घेणार?

मुलांनो, मनात एक घर उभं करा. दोन खोल्या, पुढे तीन पायऱ्या, मागे अरुंद बोळ. आतल्या खोलीत आईला कळा येत आहेत. बाबा डॉक्टरांना आणायला नदीपलीकडे गेले, ते अजून परतलेले नाहीत. उंबऱ्याशी तुमच्याएवढी मुलगी बसली आहे. एका जागी कधी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. आज मात्र ती हललेली नाही, कारण आईचा आवाज मघापेक्षा बारीक झाला आहे.

आईजवळ बसलेली आत्या पाणी आणायला गेली तशी आईने भिंगरीला खुणेने जवळ बोलावलं.

"दोरेवालीला आण. मागच्या दाराने. तुझ्या आत्याचं बाळ आडवं आलं होतं, ते तिनेच वळवलं. पण हे कुठे बोलू नकोस हं."

दोरेवाली म्हातारी गल्लीच्या टोकाला एकटी राहायची. सुया, दोरे, अत्तराच्या कुप्या विकायची. लोक तिला चेटकीण म्हणत. तिच्या चुलीवर दोरे उकळत असतात आणि त्या दोऱ्यांनी ती माणसं बांधून ठेवते, अशी बोलवा होती. पाववाल्याचं बाळ गेलं तेव्हापासून तर बायका ती दिसली की पोरांना आत ओढायच्या.

भिंगरी जीव मुठीत धरून तिच्याकडे गेली. भांडं खरंच खदखदत होतं, आणि त्यात खरंच दोरे होते.

"हे... कोणाला बांधायला?"

"नाळ बांधायला, आणखी कोणाला? मळका दोरा बांधला तर बाळाला ताप भरतो." म्हातारीने भांड्यावर झाकण ठेवलं. "पाववाल्याकडे मी पोचले तेव्हा नाळ आधीच बांधली होती. पोत्याच्या सुतळीने."

"मग सांगत का नाही सगळ्यांना?"

"जिचं लेकरू गेलं, तिच्या कानावर हे घालू? आणि एका घरातलं दुसरीकडे बोलले, तर पुढची बाई मला कशाला हाक मारेल? चल, पाय उचल."

मागच्या दारात आत्या उभी होती. म्हातारीला पाहून तिचा चेहरा उतरला.

"हिला कशाला आणलंस गं? पुढे सगळी गल्ली जमली आहे. काही कमीजास्त झालं तर माझ्या नावाने बोंब होईल."

"आत्या, आईचा आवाज ऐक ना!"

"डॉक्टर येतीलच आता."

"बाई, वेळ घालवू नका," म्हातारी म्हणाली. "हात धुवायला गरम पाणी तेवढं द्या."

आत्याने दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला.

भिंगरीच्या जिभेवर आत्याचं गुपित येऊन बसलं होतं. एकदा ओरडलं असतं तर पुढच्या बायकांनी ऐकलं असतं, आत्याला दार उघडावंच लागलं असतं. तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात म्हातारीने तिचा दंड घट्ट धरला आणि मान हलवली. नाही.

आतून आईचा आवाज आला, आणि मध्येच तुटला.

म्हातारी परत निघण्यासाठी वळत होती. भिंगरीने तिचा हात पकडला आणि तिला ओढत घराला वळसा घालून पुढे नेलं, भर उन्हात, सगळ्यांसमोर. पायऱ्यांवरच्या बायका कुजबुजायच्या थांबल्या. "अगं बाई, ही इकडे कुठून?" एकीने पदर तोंडाला लावला. दुसरीने नजर खाली वळवली. तिच्या कडेवरच्या धाकट्या पोराची नाळ कोणी बांधली, हे तिलाच ठाऊक.

वाट कोणीच सोडेना. तरी भिंगरी पहिल्या पायरीवर चढली आणि आतल्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सरका. आमची सुईण आली आहे. मी बोलावली आहे तिला."

आणि म्हातारीचा हात न सोडता तिने दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला.