शुक्रवारी या म्हटलं होतं

अश्विनशेठ गुरुवारीच आपली एस्टीम गाडी घेऊन दारात उभा राहिला.

"अहो, शुक्रवारी या म्हटलं होतं ना!" मी खेकसलोच.

"उस्ताद, उद्या गाडीची तपासणी, रविवारी रॅली. सायलेन्सर आजच ठरवायचा."

ओठ वाचले म्हणून कळलं. दोन वर्षं झाली, मला ऐकू येत नाही. कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नाही. बायकोला वाटतं, मी तिच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करतो.

पावणे गावच्या एमआयडीसीत वीस वर्षं मी शर्यतीच्या गाड्यांचे सायलेन्सर बनवतोय. पोपट उस्तादचा कान म्हणजे कान, असं लोक पार पुण्यापर्यंत सांगतात. त्या कानावर तर दुकान चालतं! म्हणून गिऱ्हाईक शुक्रवारी बोलवायचं. शुक्रवारी इथली वीज बंद, शेजारचं पत्रा कापायचं प्रेस बंद. लोक म्हणायचे, उस्तादला शांतता लागते. लागायची खरी, पण कानाला नाही, तळपायाला. चपला काढायच्या, डोळे मिटायचे, तळहात सायलेन्सरच्या तोंडामागे धरायचा. गाडी काय म्हणते ते हातापायाला कळायचं.

आज प्रेस धाडधाड चालू होतं. पण अश्विनशेठला परत पाठवावं तर तो दुसऱ्याकडे जाणार, आणि का पाठवलं ते चार ठिकाणी विचारणार. मी तीन सायलेन्सर काढले.

पहिला जाड नळीचा. हाताला वारा भसाभस लागला, नुसता दिखावा. खालच्या वेगाला गाडी मेली असती. दुसरा लांब डब्याचा, तो बरा वाटला म्हणून मी हात आणखी जवळ नेला आणि च्यायला, तळवा भाजला! हाताला ओलं फडकं गुंडाळलं. डाव्या हाताला ते कळत नाही, म्हणून तिसऱ्याच्या वेळी नुसते पायच उरले.

अश्विनशेठनं चावी फिरवली. मी डोळे मिटले. देवा, एवढा एक दिवस निभाव. तळपायाखाली जमीन थरथरत होती, जड, भरीव, एका लयीत. इतका सुंदर ठोका मी जन्मात बनवला नव्हता.

"हाच!" मी म्हणालो. "ऐका, कसा भरून बोलतोय! डोळे झाकून हाच लावा."

डोळे उघडले. अश्विनशेठ माझ्यासमोर उभा होता. गाडीची चावी त्याच्या बोटात लटकत होती.

"गाडी कधीची बंद केली मी," त्याचे ओठ सावकाश हलले. "दोन हाका मारल्या तुम्हाला."

थरथर अजून चालूच होती. शेजारच्या प्रेसची. मी त्याचा हात धरला. "शेठ, पाया पडतो, कुणाला सांगू नका. दुसरा सायलेन्सर खरंच चांगलाय, शपथ! माझ्याकडं पोटापाण्याला दुसरं काही नाही हो." मी रडत होतो, लाज वाटण्याच्या पलीकडे गेलो होतो.

त्यानं हात सोडवला. तोंड फिरवून गाडीकडे चालता चालता काहीतरी म्हणाला. खांदे हलले तेवढं दिसलं. सांगणार म्हणाला की नाही सांगणार?

"काय? काय म्हणालात?" मी ओरडलो. "शेठ, इकडं तोंड करा! मला ऐकू येत नाही!"

एकदम तळपायाखालची जमीन गप्प झाली. वळून पाहिलं. प्रेस थांबवून शेजारची सगळी माणसं दारात येऊन माझ्याकडे बघत होती.