पत्र्याचं रॉकेट

उद्देश

बापलेकीचं भांडण सकाळीच जुंपलं. घणाच्या आवाजातही ते रस्त्यापलीकडं आम्हाला ऐकू येत होतं.

"बाबा, बाटलीला पुठ्ठ्याचेच पंख लावायचेत. बाईंनी सांगितलंय."

"लोहाराची पोर पुठ्ठा घेऊन जाणार? गाव काय म्हणेल?"

"गाव नाही उडवायचं. बाटली उडवायचीये."

"जीभ बघ कशी चालते."

विज्ञानाच्या बाईंनी वर्गाला रॉकेट करायला लावलं होतं. रिकामी प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात थोडं पाणी, वर सायकलच्या पंपानं कोंबलेली हवा. शहरातल्या विज्ञान शिबिराला वर्गातून एकच जण जाणार होता, आणि या पोरीला वर्षभर दुसरं काही सुचत नव्हतं.

साहित्य

बाटली एक. पंख तीन, पत्र्याचे, रिवेट मारलेले. टोपी पत्र्याची. कमरेला पट्टी, तीही पत्र्याची. लोहार दोन दिवस गावाचे विळे बाजूला सारून तेच ठोकत होता. झालं तेव्हा त्यावर म्हैस उभी राहिली असती.

कृती

पोरीनं ते वाण्याच्या काट्यावर ठेवलं.

"एवढी साखर देऊ का?" वाणी म्हणाला.

तिनं वजन वहीत लिहिलं. शाळेत जाऊन तेवढाच भार बांधलेली दुसरी बाटली तीनदा उडवून पाहिली आणि वजनाखाली उंची लिहून घरी आली. बापाला सांगणार होती, पण त्याच्या कापलेल्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली.

उडवण्याआधी प्रत्येकानं उंचीचा अंदाज चिठ्ठीवर लिहून द्यायचा. ज्याचा अंदाज खऱ्याच्या सगळ्यात जवळ, तो शिबिराला. बाईंनी हे तीनदा सांगितलं. ऐकलं एकटीनं.

निरीक्षण

दूधवाल्याच्या पोराची बाटली पाण्याच्या टाकीवरून गेली. अंदाज: ढगापर्यंत.

पत्र्याचं रॉकेट दीड हात वर गेलं, जरा विचारात पडल्यासारखं थांबलं आणि धपकन खाली बसलं. मैदान हसलं. आम्हीही हसलो, खोटं कशाला बोला. लोहार स्वतःच्या चपलांकडं बघत राहिला.

बाईंनी चिठ्ठी उघडली. "दीड हात. शिबिराला हीच जाणार."

लोहारानं पोरीला बाजूला घेतलं.

"तुला आधीच ठाऊक होतं?"

"हो."

"आणि दीडच लिहिलंस?"

"दीडच जाणार होतं, बाबा."

"बापाकडं बघून दोन तरी लिहायचे."

अनुमान

पोर शिबिराला गेली. त्याच आठवड्यात दूधवाला भट्टीवर येऊन उकिडवा बसला. पुढच्या वर्षासाठी त्याला आपल्या पोरासाठी तसलंच रॉकेट करून हवं होतं.

"पण बघ हं, न उडणारं," तो म्हणाला.

"कोण म्हणतं उडत नाही?" लोहारानं पत्रा निवडायला घेतला. "पुठ्ठ्याचं कुठं जाईल त्याचा नेम नाही. माझं सांगितलं तेवढंच जातं."